दीड वर्षाचा बछेरा, अंग भरायला काय आणि किती घालावं?

वेदगंगाकाठ (निपाणी तालुका)

नमस्कार मंडळी. दिवाळीत अकलूजच्या बाजारातून एक बछेरा आणलाय. मारवाडी वळणाचा, कुमैत रंगाचा, कपाळावर चांदणी. विकणाऱ्यानं वय दीड वर्ष सांगितलं. दुधाचे दात सगळे जागेवर आहेत, त्यामुळं ते खरं असावं. उंची चांगली घेतलीय, पण अंगावर मांस म्हणून नाही. बरगड्या लांबूनच मोजता येतात, पुठ्ठे बसलेत, मान बारीक, आणि पोट तेवढं खाली सुटलंय. केस राठ.

घरात म्हशी-बैल कायमचे, पण आजोबांच्या माघारी घोडं पहिल्यांदाच दावणीला आलंय. सध्या सकाळी दोन किलो भिजवलेले हरभरे एकदम, संध्याकाळी दोन किलो गव्हाचा भुसा (गिरणीतला कोंडा) पाण्यात कालवून, आणि दिवसभर उसाचे वाढे. ऊसतोड सुरू झाल्यानं वाढ्यांना तोटा नाही.

गावात ज्याला विचारावं त्याचं वेगळं. कोण म्हणतं रोज चार अंडी, कोण म्हणतं दूध-गूळ, कोण म्हणतं म्हशीची गोळी पेंड लाव, महिन्यात टरारतंय बघ. चुलतभावाला माघातल्या जत्रेत गाडीला जुंपायची घाई झालीय. मला तशी घाई नाही, पण जनावर असं हाडावर आलेलं बघवत नाही.

घरचं सोयाबीन आहे, मका आहे, हुलगे आहेत. विहिरीजवळ म्हशींसाठी पाच गुंठे लसूणघास आहे. जाणकारांनी नीट सांगावं: काय, किती, दिवसातून कितीदा?

शर्यतवाला_अथणी

भावा, पयली गोष्ट. गोळी पेंड म्हशीचीच ऱ्हाऊ दे, घोड्याच्या तोंडाला लावू नको. कोंबडीचं खाद्य तर लांबच ठेव. आमच्या वळखीतल्या एकाचं तयार घोडं रात्री दावं सोडून कोंबडीखाद्याच्या पोत्याला लागलं. सकाळी उभं ऱ्हायना, घामानं निथळूलालतं, दुसऱ्या दिवशी गेलं. डॉक्टर आले, पर त्यांच्या हातात कायच नव्हतं.

दुसरी गोष्ट, दोन किलो हरभरे एका टायमाला लई झाले. घोड्याचं पोट म्हशीसारखं नसतंय. हाय ती चंदी (दाण्याचा खुराक) तीनदा वाटून घाल. आणि चंदीच्या आधी वैरण. रिकाम्या पोटी चंदी घातली की घोडं बकाबका गिळतंय आणि मग पोट धरतंय.

तिसरं, माघात जुंपायचं डोक्यातनंच काढा. मी गाड्या पळवतो म्हणून सांगूलालोय. दीड वर्साचं हाड कच्चं असतंय. डांबरावर पळवलं की गुडघं भरत्यात, आणि एकदा भरलेलं गुडघं परत पयल्यासारखं होत न्हाई. तीन वर्सं पुरी झाल्याबिगर आमी खांद्यावर जू ठेवत न्हाई.

टांगेवाल्याची_लेक (शहापूर, बेळगाव)

माझ्या वडिलांचा बेळगाव स्टेशनवर टांगा होता. घरी सोयाबीन कधी आलं नाही, हरभराही परवडेल तेव्हाच. घोडं पोसलं ते हुलग्यावर. म्हणून हुलग्याबद्दल सांगते, बाकीचं डॉक्टर मंडळी सांगतील.

हुलगे कच्चे घालू नका. रात्री भिजत टाकायचे, सकाळी ते पाणी ओतून द्यायचं आणि ताज्या पाण्यात शिजवायचे. आई एक दाणा अंगठा आणि बोटात धरून दाबायची. साल सुटून पीठ झालं की उतरवायचे. दाणा कचकचला तर आणखी दोन लाकडं. शिजताना मीठ नाही, निवल्यावर चिमूटभर. गरम कधीच घालायचे नाहीत. वरचं थोडं पाणी ठेवून त्यात मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा कालवला की घोडं तोबरा (तोंडाला बांधायची चंदीची पिशवी) चाटून पुसून खातं.

तोबऱ्याची एक गोष्ट पाळा. प्रत्येक वेळी खाऊन झालं की तोबरा उलटा करून धुवायचा आणि उन्हात टाकायचा. शिवणीत अडकलेले भिजके दाणे दुपारपर्यंत आंबतात. आंबूस वास आला तर संध्याकाळची चंदी त्यात घालायची नाही. वडील दुसरं काही विसरले तरी हे विसरायचे नाहीत.

अंडी आमच्या घोड्यानं कधी बघितली नाहीत, आणि वर्षानुवर्षं स्टेशन ते कॅम्प आणि स्टेशन ते शहापूर त्यानं ओढलं.

गुरांचा_डॉक्टर (निवृत्त, चिकोडी भागात नोकरी)

वरचे दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत. मी जरा मुळापासून लिहितो.

बाजारातून आणलेला बछेरा खातो आणि तरी हाडावर राहतो, तेव्हा चंदी वाढवण्याआधी तीन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली म्हणजे जंत. पोट सुटलेलं, केस राठ, पुठ्ठे बसलेले, हे वर्णन वाचलं की आधी जंत डोळ्यांपुढं येतात. ताजी लीद डबीत घालून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या, मग औषध. आयव्हरमेक्टिन घोड्याला तोंडावाटेच द्यायचं, किलो वजनामागे 0.2 मिलिग्रॅम. गाई-म्हशींसाठी आणलेलं इंजेक्शन घोड्याच्या मांसात टोचू नका. टोचल्या जागी जंतुसंसर्ग होऊन मांस सडल्याची उदाहरणं आहेत. जंत फार असतील तर औषध आणि वेळ डॉक्टरांनाच ठरवू द्या. लहान घोड्यात मेलेल्या गोल जंतांचा गोळा आतड्यात अडकू शकतो.

दुसरी गोष्ट सर्रा. पावसाळ्यात आणि नंतर गोमाशा, डांस वाढतात, त्यांच्या चाव्यातून हा रक्तातला परजीवी पसरतो. ताप येतो-जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज येते, जनावर खाऊन-पिऊन खंगत जातं. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. बाजारातून आलेल्या घोड्याचं ग्लँडर्ससाठीही रक्त पाठवावं. हा आजार माणसाला होतो आणि त्यावर घोड्याला वाचवायची सोय कायद्यात नाही. अहवाल येईपर्यंत बछेरा इतर जनावरांपासून वेगळा ठेवा, त्याची बादली वेगळी ठेवा. धनुर्वाताची लस राहिली असेल तर तीही उरकून घ्या. घोड्याइतकं धनुर्वाताला हळवं जनावर नाही.

तिसरी गोष्ट दात. गालाकडच्या दाढांच्या कडा धारदार झाल्या की घोडा चावताना थांबतो, अर्धवट चावलेल्या वैरणीच्या गुठळ्या गव्हाणीत टाकतो. गव्हाण बघा, कळेल.

आता वजन. डोळ्यांचा अंदाज नको, टेप घ्या. छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागे, पाठीच्या उंचवट्यावरून. लांबी खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत. दोन्ही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि या वयाच्या जनावराला भागिले 660. उत्तर किलोत येईल. मोठ्या घोड्याला 727 नं भागतात.

समजा 270 किलो आलं. अशा वाढत्या जनावराला दिवसाला साधारण साडेसहा-सात किलो कोरडं अन्न लागतं, आणि त्यातलं निदान तीन चतुर्थांश वैरणीतून यायला हवं. घोड्याचं जठर लहान, पूर्ण वाढलेल्या घोड्याचंसुद्धा 8 ते 15 लिटर. खरी वैरण पचते ती मागच्या मोठ्या आतड्यात, तिथल्या जिवाणूंच्या हातून. एका वेळी दाणा जास्त झाला की पिष्ट जठरात-लहान आतड्यात न पचता मागे जातं, तिथं आम्ल होतं, आणि त्यातून पोटशूळ किंवा खुरांची दाहक सूज. म्हणून 270 किलोच्या बछेऱ्याला एका वेळी सव्वा किलोच्या वर कोरडा दाणा नकोच. अर्धा किलो बरा.

तुमच्या घरात जे आहे त्यातून मी असं बसवीन: शाळूचा कडबा किंवा वाळलेलं गवत चार किलो, हिरवा लसूणघास आठ-दहा किलो पण थोडा सुकवून आणि तीन वेळा वाटून, चारशे ग्रॅम हुलगे किंवा हरभरे, सातशे ग्रॅम मका भरडा (ओट किंवा जव मिळाले तर मक्यापेक्षा बरे), आणि दोनशे ग्रॅम सोयापेंड. मीठ दोन चमचे, जनावरांचं साधं खनिज मिश्रण तीस-चाळीस ग्रॅम. चंदीचे तीन भाग करा. वाढे कमी करत आणा.

या वयाला दिवसाला साधारण 650 ग्रॅम प्रथिनं लागतात आणि वरच्या हिशेबात ती बसतात. प्रथिनांमध्ये लायसिन हे अमिनो आम्ल सगळ्यात आधी कमी पडतं. ते कमी पडलं की बाकीची प्रथिनं कितीही घाला, मांस धरत नाही. सोयापेंडीत लायसिन भरपूर, मका-ज्वारी-शेंगपेंडीत कमी. म्हणून दोनशे ग्रॅम सोयापेंड तेवढ्याच शेंगपेंडीपेक्षा जास्त काम करते. शिवाय शेंगपेंडीला बुरशी लवकर लागते, ते वेगळंच.

बदल एकदम नको. आठ-दहा दिवसांत एकेक गोष्ट आणा.

हुक्केरीकर

डॉक्टरसाहेब, तुमच्या यादीत भुसा कुठंच दिसला नाही. आमच्याकडे आजोबापासून घोड्याला गव्हाचा भुसा घालतात. पोट साफ ठेवतो म्हणतात. त्यात चूक काय?

गुरांचा_डॉक्टर

मूठभर भुसा औषध कालवायला, चव आणायला चालतो. दोन किलो रोज, आणि तेही वाढत्या जनावराला, हे मात्र थांबवा. धागाकर्त्यानं लिहिलेला खुराक बघून मला जंतांपेक्षा याची जास्त काळजी वाटली.

एक किलो गव्हाच्या भुशात स्फुरद 10 ते 12 ग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम एक-दीड ग्रॅम असतं. घोड्याला उलटं लागतं, स्फुरदाच्या दीड ते दुप्पट कॅल्शियम. रोज स्फुरद जास्त गेलं की शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडातून काढायला लागतं. सगळ्यात आधी जबड्याची आणि तोंडाची हाडं पोकळ होतात, त्या जागी तंतू भरतात आणि चेहरा दोन्ही बाजूंनी फुगतो. पिठाच्या गिरण्यांवरच्या घोड्यांना पूर्वी हा आजार हमखास व्हायचा, कारण त्यांचं पोट भुशावरच भरायचं. त्याआधी लंगडणं येतं. आज या पायात, उद्या त्या पायात. मालक खूर बघत बसतो आणि दुखणं खुराकात असतं.

आता वाढ्यांचं. उसाच्या वाढ्यांत ऑक्सॅलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि अंगी लागू देत नाही. म्हशींना वाढे घालताना आपल्याकडे चुन्याची निवळी शिंपडतात ती याचसाठी. संकरित नेपियर गवताचंही तेच. म्हणजे या बछेऱ्याला भुशातून कॅल्शियम मिळत नव्हतं, आणि जे कुठून मिळत होतं ते वाढे अडवत होते. लसूणघासात कॅल्शियम भरपूर, म्हणून तो इथं निम्मं काम करतो.

आजोबांच्या घोड्याला दिवसभर माळावर चरायला मिळत होतं, भुसा वरचा होता. आज घोडं दावणीला, भुसा मुख्य झाला. तिथं गणित बदललं.

वेदगंगाकाठ

डॉक्टरसाहेब, अक्का, अथणीचे दादा, सगळ्यांचे आभार. वाचल्या दिवसापासून भुसा उतरवत आणला, वाढे फक्त म्हशींना.

टेप लावला. घेर 58, लांबी 54. हिशेब 275 च्या आसपास आला. खात्रीसाठी टेम्पोत चढवून गावाजवळच्या उसाच्या वजनकाट्यावर नेला, आधी रिकामा टेम्पो, मग बछेऱ्यासकट. फरक 270. टेपचा हिशेब इतका जवळ येईल असं वाटलं नव्हतं.

लीद दाखवली, जंतांची अंडी भरपूर निघाली. औषध तोंडातनं दिलं. सर्र्याचं आणि ग्लँडर्सचं रक्त घेतलंय. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याच्या 1962 नंबरला फोन केला होता, गाडी गोठ्यापर्यंत आली.

आता दोन शंका. एक, सोयापेंड विकत घेण्याऐवजी घरचं सोयाबीन भरडून घातलं तर? पोती पडून आहेत, दरही नाही. दुसरी, अंडी-दूध खरंच बंद ठेवू का? आईचा फार आग्रह आहे, आणि ती प्रेमानं करते.

गुरांचा_डॉक्टर

कच्चं सोयाबीन नको. त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनं मरतो. चांगलं भाजून, आतपर्यंत वास सुटेल असं, आणि मग भरडून घाला. घरच्या सोयाबीनमध्ये तेलही असतं, त्यामुळं पेंडीच्या दोनशे ग्रॅमऐवजी अडीचशे ग्रॅम भाजका भरडा चालेल. एका आठवड्याला पुरेल एवढाच भरडा. तेलामुळं तो खवट होतो.

आणखी ऊर्जा हवीशी वाटली तर दाणा वाढवू नका, साधं खाद्यतेल द्या. पन्नास मिलिलिटरपासून सुरुवात. तेलात पिष्टाच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते आणि आतड्यात आम्लाचा त्रास नाही.

दूध या वयात हळूहळू पचेनासं होतं, ढाळ लागू शकते. कच्च्या अंड्यातून जंतुसंसर्गाची भीती, आणि चार अंड्यांतून मिळणारी प्रथिनं पंचवीस ग्रॅमच्या आसपास. मूठभर सोयाभरड्यात तेवढी येतात. आईंना सांगा, हुलगे शिजवण्याचं काम त्यांच्याकडे. त्याचा बछेऱ्याला जास्त उपयोग आहे.

मेंढपाळ_रायबाग

आमी धनगर. मेंढरांमागं आमची घोडी असत्यात, बिऱ्हाड पाठीवर. चूल, भांडी, कोकरं, कधी लेकरूबी. त्यास्नी चंदी कुठली आलीया. माळावर, बांधावर, काढलेल्या शेतात मिळंल ते खात्यात आन दिसभर चालत्यात. तुमी आमच्या घोडीच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून बघा, टणक लागतंय.

म्हून सांगतो, नुसत्या खाण्यानं मास येत न्हाई, आलं तर चरबी येती. घोड्याला चालवा. दावणीला चोवीस तास बांधून चंदी घातली तर प्वाट सुटंल आन पाय सुजतील. सकाळी लगाम-बिगाम काय न्हाई, नुसती काढणी (दोरी) लावून घेऊन जावा. चढाची वाट बघा, चढाला मागचं पाय लागत्यात, पुठ्ठं तिथंच भरतंय. उतार हळू. गोल गोल फिरवू नगासा, एकाच अंगाला वजन पडतंय.

आन जिथं आता शाळू उगवून गुडघाभर झालाय तितं घोडं सोडू नगासा. कवळा हिरवा शाळू लई वंगाळ.

गुरांचा_डॉक्टर

मेंढपाळदादांनी फार नेमकं सांगितलं. कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार करणारा घटक असतो, पाण्याचा ताण पडलेल्या आणि खोडव्याला फुटलेल्या फुटव्यात जास्त. घोड्यात त्यानं मूत्राशयाचं दुखणं आणि मागच्या पायांची लटपटही होते. नीट वाळलेल्या कडब्याची ती भीती नाही.

आणि गोल फिरवू नका हे अगदी खरं. गुडघ्याच्या वरच्या हाडाची वाढीची चकती दोन ते अडीच वर्षांपर्यंत बंद होत नाही, पाठीच्या मणक्यांची तर पाच वर्षं उलटली तरी चालू असते. लहान वर्तुळात लांब दोरीनं पळवण्यानं या चकत्यांवर तिरका ताण येतो.

अंकलीच्या शितोळे सरकारांच्या वाड्यातून माउलींचे अश्व दर वर्षी आळंदीला चालत जातात, ते आपल्या चिकोडी तालुक्यातलंच गाव. ज्यांना चालणाऱ्या घोड्याचं अंग कसं असतं ते बघायचंय त्यांनी प्रस्थानाच्या वेळी अंकलीला जाऊन बघावं.

घोडाप्रेमी_कागवाड

एवढा त्रास कशाला? ताकदीचं इंजेक्शन मिळतं. आठवड्याला एक, दोन महिन्यात अंग असं भरतं की ओळखू येत नाही. शर्यतीत बरेच जण देतात.

गुरांचा_डॉक्टर

हा सल्ला इथं राहू नये असं मला मनापासून वाटतं, पण राहिलाच आहे तर उत्तरही सोबत राहू दे.

तुम्ही म्हणता ती बहुतेक अनाबोलिक स्टेरॉइडं असतात. अंग फुगतं हे खरं. पण वाढत्या जनावरात त्यांनी हाडांच्या चकत्या वेळेआधी बंद होतात, म्हणजे उंची तिथंच थांबते. बछेऱ्याचे वृषण आकसतात, पुढं घोडी लावायच्या कामाचा राहत नाही. स्वभाव बिघडतो, चावणं-लाथा सुरू होतात. आणि कच्च्या सांध्यांवर एकदम वजन येतं. इंजेक्शन बंद केलं की फुगलेलं अंग उतरतं, बिघडलेले सांधे मात्र त्याच्याबरोबर राहतात. मी नोकरीत असताना असे घोडे तपासलेत. चार वर्षांचं जनावर उठताना कण्हतं. ते बघायला लागू नये म्हणून सांगतो.

शर्यतवाला_अथणी

डॉक्टर बरोबर बोलूलालेत. शर्यतीत बरेच जण देतात म्हणणाऱ्यांनी त्यांची घोडी सहा वर्सानंतर कुठं दिसत्यात तेबी सांगावं. इकत्यात, न्हाईतर सोडून देत्यात. माझ्याकडची घोडी चौदा वर्सांची हाय, अजून गाडी वढती. तिला हुलगं, मका, कडबा आणि चालणं, एवढंच. आणि पाणी. पाण्याचं कुणी लिवलं न्हाई म्हणून लिवतो. थंडीत घोडं पाणी कमी पितंय आणि कडबा कोरडा, तितंच पोट धरतंय. ईस-पंचवीस लिटर पोटात गेलंय का न्हाई ते बादल्यांवर बघा. थंडीत पाणी विहिरीतनं ताजं वढलेलं घाला, ते कोमट असतंय. रात्रभर उघड्यावर गारठलेलं नको.

वेदगंगाकाठ

संक्रांत झाली, म्हणून कळवतोय. दोन्ही रक्ततपासण्या निर्धोक आल्या. जंतांची दुसरी तपासणीही चांगली आली.

घेर साडेएकोणसाठ, लांबी साडेचोपन्न. हिशेबानं 292 किलो. पोट वर गेलंय. बरगड्या आता दिसत नाहीत, पण हात फिरवला की लागतात. डॉक्टरसाहेबांनी मला फोनवर सांगितलं होतं की एवढंच हवं, बरगड्या हाताला लागेनाशा झाल्या तर चंदी कमी करायची. सगळ्यात जास्त फरक केसांत पडलाय. राठ केस गळून खाली चकचकीत अंग आलंय, खरारा केला की हाताला तेल लागल्यासारखं वाटतं.

खुराक डॉक्टरांनी सांगितला तोच, फक्त मका थोडा कमी केला कारण बछेरा सकाळी फार उधळायला लागला. आई हुलगे शिजवते. दाणा दाबून बघायचं तिला आवडलंय. सकाळी मी त्याला गावाबाहेरच्या टेकडीच्या चढाला नेतो, येताना उताराला हळू. मुलगी सोबत येते आणि तिच्या मागं तो दाव्याशिवाय चालतो.

चुलतभावालाही या धाग्यातलं गुडघ्यांचं वाचून दाखवलं. यंदा जुंपायचं नाही हे त्यानं मान्य केलं. त्याऐवजी तो लसूणघासाची आणखी पाच गुंठ्यांची लागण करून देतोय.

एक विचारायचं राहिलं. लसूणघास आता जोरात आलाय. फुलावर येऊ देऊ की आधीच कापू? आणि बछेऱ्याला नाल आत्ता मारू की नको?

गुरांचा_डॉक्टर

फार समाधान वाटलं वाचून. दीड-दोन महिन्यांत 15-20 किलो ही जंत गेल्यानंतरची भरपाई आहे. इथून पुढं महिन्याला सात-आठ किलो आले तरी पुरे. त्याहून वेगानं वाढवायला जाऊ नका, या वयात झपाट्यानं वजन चढलं की सांध्यांत बिघाड होतो. दर महिन्याला टेप लावा आणि वहीत लिहा.

घास पहिली फुलं दिसायला लागली की कापा. त्याआधी फार कोवळा, पाणीच जास्त. पूर्ण फुलल्यावर काड्या टणक होतात आणि प्रथिनं उतरतात. सकाळी कापून दुपारपर्यंत सावलीत पसरा, मग घाला. ढीग लावून ठेवलेला, आतून गरम झालेला घास घोड्याला नको, तो म्हशींना द्या. मेच्या टंचाईसाठी थोडा वाळवून ठेवता आला तर उत्तम. पानं गळू न देता उलटवायचा, कारण प्रथिनं आणि कॅल्शियम मुख्यतः पानांत असतात.

नाल नको. मातीवर चालतोय तोपर्यंत खूर मोकळा राहू दे. फक्त दर सहा आठवड्यांनी नालबंदाकडून कडा सारख्या करून घ्या. त्या वेळी चारही पाय उचलून द्यायची सवय आत्ताच लावा, एकेक पाय अर्धा मिनिट धरायचा आणि तो शांत असतानाच खाली सोडायचा.

टांगेवाल्याची_लेक

पाय धरताना तुमच्या लेकीला डोक्याशी उभं करा, तिच्या हातात चार हुलगे द्या. आमच्या घरी हे काम माझंच होतं.